चौतीस वेळा "लवकर": शाळेच्या सकाळी घरातल्या सगळ्यांचा जीव न काढता कशा निभवायच्या

गेल्या जुलैतली गोष्ट. व्हॅन गेली, मी दार लोटून आत आलो आणि सोफ्यावर आडवाच झालो, अजून धड सात पण वाजले नव्हते आणि अंगात दिवसभराचा थकवा. आई देवघरापाशी जपमाळ घेऊन बसलेली, ती म्हणाली, "आज जप काही झाला नाही रे, पण तू चौतीस वेळा लवकर म्हणालास, तेवढे मणी मात्र मोजले मी." मला आधी राग आला, मग हसू आलं, मग ऑफिसला जाताना रस्ताभर तो आकडा डोक्यात. चौतीस!

तर आमचं घर इंदूरला, राजेंद्र नगरात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, शाळा पार बायपासला म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे व्हॅन ६:५० ला गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न देते. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तिची आठची ड्यूटी, ती ७:१५ ला निघते. मी विजय नगरला, साडेनऊला पोचलो तरी चालतं. आई घरी असते ही मोठी सोय, पण तिचे गुडघे धरलेत तेव्हा तिच्याकडून पळापळ नको असं आम्ही ठरवलंय. या आठ-नऊ महिन्यांत जे जमलं आणि जे फसलं ते क्रमाने लिहितोय, तुमच्या घराच्या मापाने कापून घ्या.

सगळ्यात आधी: काही सुधारू नका, नुसतं मोजा

मी पहिल्यांदा तेच केलं जे सगळे करतात, अलार्म अर्धा तास अलीकडे घेतला. चार दिवसांत अजून चिडचिड, कारण झोप कमी झाली आणि गोंधळ तेवढाच राहिला, फक्त आधी सुरू व्हायला लागला. मग फ्रिजवर एक कागद चिकटवला, दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि तीन दिवस प्रत्येक गोष्ट कधी सुरू कधी संपली ते लिहिलं. कोणाला बोलायचं नाही, बदल करायचा नाही.

मला वाटत होतं टिफिनमध्ये वेळ जातो. टिफिन सगळा मिळून २५ मिनिटांत होत होता. वेळ जात होता भलतीकडेच. मुलगी पलंगाच्या काठावर एक मोजा हातात धरून रोज दहा-अकरा मिनिटं बसायची. बाथरूम एक आणि माणसं पाच, त्यात गीझर १५ लिटरचा, दोन आंघोळी झाल्या की तिसऱ्याने थंडीत वीस मिनिटं थांबायचं, कारण २ किलोवॅटच्या गीझरला गार पाणी पुरतं तापवायला तेवढी लागतातच, तुम्ही बाहेरून कितीही दार वाजवा. आणि तिसरं, ६:४४ ला "बाबा डायरीवर सही!"

म्हणजे अडकण्याच्या जागा तीन. तुमच्याकडे दुसऱ्या निघतील, कुठे केस विंचरणं असेल, कुठे दूध पिणं, पण मोजल्याशिवाय कळत नाही आणि अंदाज हमखास चुकतो.

मोज्याचं कारण मला नंतर समजलं. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं डोकं पूर्ण चालू झालेलं नसतं, मोठ्यांचंही नाही. आणि आम्ही उठल्या उठल्या तिला पाच ऑर्डरी द्यायचो. आता तिला ५:५० ला उठवतो आणि पहिली दहा-बारा मिनिटं काहीच सांगत नाही, ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडते, धाकटा रजई ओढत बाहेर येतो, ट्यूबलाइट मात्र लावतो. ही दहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात पण मोज्याची अकरा वाचतात.

आंघोळीचं भांडण

बाथरूमची लाइन मोडायचा एकच उपाय दिसला, मुलांची आंघोळ संध्याकाळी. आईला हे अजिबात पटेना. "पारोशी मुलं शाळेत पाठवणार? लोक काय म्हणतील?" दोन दिवस घरात तणाव. शेवटी तडजोड झाली ती अशी की संध्याकाळी खेळून आले की साबण लावून पूर्ण आंघोळ, सकाळी तोंड-हात-पाय कोमट पाण्याने, आणि सणावाराला सकाळचीच. आता आईच सांगते की खेळून आलेली पोरं धुऊन झोपवलेली बरी, चादरी कमी मळतात. उन्हाळ्यात मुलांना सकाळी पण करायची असेल तर करू देत, तेव्हा गीझर लागत नाही, पाच मिनिटांत होते.

घड्याळ उलटं लावा

व्हॅनच्या वेळेपासून मागे मोजत जा. ६:५० व्हॅन, तर ६:४५ ला बूट घालून दारात. ६:३० ला खाणं संपलेलं, मग ६:१५ ला ताटावर. ६:०२ ते ६:१५ ब्रश आणि कपडे. ५:५० ला जाग. इथपर्यंत सगळे करतात, पण मोजणं इथे थांबवायचं नाही, अजून मागे जायचं, रात्रीपर्यंत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात, तीन ते पाच वर्षांच्यांना दुपारची धरून १० ते १३. म्हणजे मुलगी कमीत कमी ८:५० ला झोपलेली हवी, आणि मी ऑफिसातून घरी येतो पावणेआठला. जेवण नऊला. बसा आता.

खरा अपराधी आमचं रात्रीचं जेवण होतं. "सगळे एकत्र जेवू" या हट्टापायी मुलं माझी वाट बघत बसायची, मग जेवण, मग मस्ती, साडेदहा. आता मुलं साडेसातला आजीबरोबर जेवतात, मी येतो तेव्हा त्यांचा दहीभात चाललेला असतो, मी शेजारी बसून त्यांच्याशी बोलतो आणि नंतर आम्ही दोघं जेवतो. वाईट वाटतं का, वाटतं. रविवारी एकत्र जेवतो. आणि इंदूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे पाप आहे पण आठवड्याच्या मधे सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, बंद, तिथली दुकानं लागतातच रात्री सोन्याची दुकानं मिटल्यावर, तिथून भुट्ट्याचा कीस खाऊन पोरं अकराला घरी आली तर सकाळी कोणती टाइमटेबल चालणार.

एकदम दीड तास मागे नेऊ नका, मुलं नुसती अंधारात गप्पा मारतात. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं, दोन-तीन आठवड्यांत बसतं.

थंडीतलं अजून एक. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, मिर्झापूरच्या बाजूचं, आणि इंदूर जवळपास ७५.९ वर, एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य आपल्याकडे घड्याळाच्या सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागून चालतो. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर वर येतो. म्हणजे व्हॅन येते तेव्हा नीट उजाडलेलं पण नसतं, आणि आपण मुलांना आळशी म्हणतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत झोपायची वेळ अजून दहा-पंधरा मिनिटं अलीकडे घ्या आणि सकाळी दिवे भरपूर लावा. कडाक्याची थंडी पडली की कलेक्टरचा आदेश येतो आणि शाळा उशिरा भरतात, ते दिवस बोनस समजा, पण त्या दिवसांत झोपायची वेळ सैल सोडू नका, आम्ही सोडली होती आणि पुढचा आठवडा भोगला.

रात्रीची फेरी, वीस मिनिटांच्या वर नाही

मुलं झोपली की पावणेनऊ-नऊला एक फेरी. काय रात्री होतं आणि काय नाही हे जरा बारकाईने सांगतो कारण इथेच लोक चुका करतात.

कणीक रात्री मळून ठेवता येते. घट्टसर मळा, वरून तेलाचा हात फिरवा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. सकाळी जरा काळपट दिसते, हवा लागल्याने होतं, पोळीला काही होत नाही. पण फ्रिजमधून काढून लगेच लाटू नका, तडकते, उठल्या उठल्या पहिलं काम डबा बाहेर काढायचा, आपला चहा होईपर्यंत ती नरम येते. एका रात्रीच्या वर ठेवू नका, आंबूस होते.

भेंडी रात्री धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून चिरली तर चालते, ओली राहिली तर सकाळी चिकट लगदा. फरसबी, गाजर, कोबी मस्त टिकतात. बटाटा चिरून नुसता ठेवला की काळा पडतो, त्यापेक्षा उकडून ठेवा. कांदा रात्री चिरूच नका, सगळ्या फ्रिजला वास आणि दुधाला पण.

भाताचं नीट ऐका. रात्रीचा उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी देऊन डब्यात, हे आपल्या सगळ्यांच्या घरी चालत आलंय. शिजलेल्या भातात एक जिवाणू वाढतो, त्याचे बीज शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला तर तो जे विष सोडतो ते परत गरम करून जात नाही. तेव्हा फोडणीचा भात करायचा असेल तर जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये. मे महिन्यात तर एका तासातच.

आणि पोळी गरम गरम डब्यात भरू नका, आतून घाम सुटतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत ओली चिंधी होते. जाळीवर चार-पाच मिनिटं टाकायची, तूप लावायचं, मग घडी.

टिफिनला वार लावून टाका. सकाळी उठून "आज काय करू" हा प्रश्न, तोच खरा दमवतो, पोळ्या लाटणं नाही. आमचं सध्याचं असं आहे: सोमवारी भेंडी-पोळी, मंगळवारी मेथीची धपाटी, बुधवारी इडली, गुरुवारी मटकीची उसळ-पोळी, शुक्रवारी शेव-टमाटर (माळव्यात राहून शेवेची भाजी नाही म्हणजे काय), शनिवारी शाळा असली तर पोहे. पोह्यांवरची शेव मात्र वेगळ्या पुडीत, आणि जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) पण त्याच पुडीत. शनिवारी मी कधी कधी कोपऱ्यावरचे वाफेवर ठेवलेले पोहे आणतो आणि तेच डब्यात जातात, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, अर्धं शहर त्या वेळेला तेच खात असतं. तक्ता दोन महिन्यांनी बदला, मुलांना विचारून. आणि डबा परत आला की उघडून बघा, काय उरलंय ते पोरं तोंडाने सांगत नाहीत.

दप्तर

सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत सांगितलंय. आमची मुलगी २६ किलो, म्हणजे २ किलो ६०० ग्रॅम. वजनकाट्यावर ती दप्तर घेऊन आणि दप्तराशिवाय उभी केली तर फरक निघाला ४ किलोच्या वर. आतून काय निघालं म्हणाल तर दोन संपलेल्या वह्या, एक लिटरची भरलेली बाटली, रंगांचा मोठा डबा, आणि खालच्या कप्प्यात दिवाळीतली एक चकली. बाटली शाळेत भरता येत असेल तर अर्धी न्यायची.

दप्तर मुलीनेच भरायचं, जेवायच्या आधी, टाइमटेबल बघून. पहिले पंधरा दिवस विसरेल, दोनदा शिक्षा पण होईल, होऊ द्या. डायरीची सही तेव्हाच. आणि शाळेच्या ग्रुपवर रात्री पावणेदहाला "उद्या पिवळा ड्रेस आणि पाच वेगवेगळी पानं" असे मेसेज येतात त्याचं काय करायचं, तर आम्ही साडेआठला एकदा बघतो आणि त्यानंतर आलेलं आमच्यासाठी आलेलंच नाही. मुलगा एकदा पिवळ्याच्या दिवशी निळा गेला. वर्गात अजून सहा जण निळे होते.

मदत करणं बंद करा

आता जे सांगतो ते मुख्यतः बाबा लोकांसाठी. मी स्वतःला फार मदत करणारा नवरा समजत होतो. "सांग ना काय करू" असं रोज म्हणायचो. एक दिवस बायको म्हणाली, "अरे, सांगायचं पण मीच का? तू हात हलवतोस, डोकं माझंच चालतं ना." मला चार दिवस लागले समजायला. मटकी भिजवायची आहे, मोजे एकच जोडी उरलेत, व्हॅनवाल्याचे पैसे पाच तारखेला, धाकट्याचं नख वाढलंय, ही सगळी यादी एका माणसाच्या डोक्यात चोवीस तास चालू, आणि सकाळचा थकवा म्हणजे त्या यादीचा थकवा.

तेव्हा कामं वाटू नका, खाती वाटा. मी टिफिनचं खातं पूर्ण घेतलं, म्हणजे काय करायचं ते ठरवणं, रविवारी भाजी आणणं, कडधान्य भिजवणं, डबा भरणं, आणि संध्याकाळी घासायला टाकणं, सगळं. कपडे-बूट-मोजे हे तिचं. दप्तर-शाळा-ग्रुप-फी माझं. औषधं, नखं, केस तिचं. एक नियम, ज्याचं खातं त्याची पद्धत, दुसऱ्याने सुधारायला यायचं नाही. हे बोलायला सोपं. पहिल्या आठवड्यात मी उसळीत मीठ विसरलो, तिसऱ्या दिवशी पोळ्या पापडासारख्या, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून ओठ दाबून उभी, मला दिसत होतं की तिला लाटणं हिसकावून घ्यायचंय. नाही घेतलं. तिचं कौतुक त्यासाठी जास्त. मुलीने डबा अर्धा परत आणला, मी खाल्ला, मला कळलं.

घरात एकटीच आई किंवा एकटाच बाबा असेल तर खातं वाटायला माणूस नाही, तेव्हा शेजारी शोधा. आमच्या गल्लीत दोन घरांनी व्हॅनपर्यंत सोडणं आलटून पालटून ठेवलंय, आठवड्यातले तीन दिवस एकीचे आणि तीन दुसरीचे, प्रत्येकीला तीन सकाळी पंधरा मिनिटं मिळतात.

प्रत्यक्ष सकाळ

स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं मुलांना ऐकू येत नाही असं समजूनच चाला. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, एकच गोष्ट सांगायची. "ब्रश कर, कपडे घाल, बाटली घे" यातलं पाच वर्षांच्या मुलाला शेवटचंच आठवतं. त्याच्यासाठी मी कागदावर पाच चित्रं काढली, ब्रश, शर्ट, ताट, बूट, व्हॅन, माझी व्हॅन म्हशीसारखी झालीय पण त्याला चालते, तो एकेक बोट ठेवत जातो.

आणि "लवकर" च्या जागी आम्ही आईची घंटी ठेवली. ती ६:३० ला पूजेची घंटी वाजवते, वाजली की उष्टं ताट ओट्यावर आणि मोजे-बूट. कोणी कोणाला काही बोलत नाही. तुमच्याकडे पूजा नसेल तर दुसरा रोजचा आवाज शोधा, कुकरची शिट्टी नको, ती कधी लवकर कधी उशिरा होते.

माझा फोन सातपर्यंत चार्जिंगलाच. कागदावर लिहिलं तेव्हा कळलं की "एक मिनिट मेल बघतो" ची सात मिनिटं होतात.

नर्मदेच्या दिवसाचं वेगळं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड, तोही पहाटे, नर्मदेचं पाणी जलूदहून पंप होत सत्तर-एक किलोमीटर चढून येतं तेव्हा त्याने आपल्या सोयीने यावं असं म्हणता येत नाही. त्या दिवशी मोटर लावणं-बंद करणं एकाच माणसाचं काम, आणि त्या माणसाला त्या दिवशी दुसरं काही नाही. आधी आम्ही दोघं लक्ष ठेवायचो, म्हणजे कोणीच नाही, टाकी वाहायची. ओला-सुका कचरा पण रात्रीच दारापाशी, गाडी आली की आई देते.

बिघडलेला दिवस

तो येणारच. एक डबा कायम तयार ठेवा, चिवडा, शेंगदाण्याचा लाडू, आणि घरात केळी. पोळ्या झाल्या नाहीत तर तेच, चर्चा नको. व्हॅन सुटली तर कोण गाडी काढणार हे आधीच ठरलेलं हवं. पण सगळ्यात कामाचं म्हणजे, पोराला ताप आला तर सुट्टी कोण घेणार हे आम्ही रविवारी रात्री ठरवतो. "या आठवड्यात पाळी माझी." आधी हे सकाळी सहाला, थर्मामीटर हातात घेऊन, "माझी आज मीटिंग आहे" "माझी ड्यूटी बदलत नाही" असं व्हायचं आणि पोरगं बिचारं मधे ऐकत पडलेलं.

आणि तुमचं स्वतःचं

व्हॅन गेल्यावर दहा मिनिटं बसून चहा. उभ्याने नाही, भांडी घासत नाही. माझी बायको कित्येक वर्षं नाश्ता न करता लॅबला जात होती, आता टिफिनखात्यात तिचा पण डबा आहे, चार पोळ्या जास्त, फार काही वेगळं लागत नाही. संध्याकाळी सहानंतरचा चहा मी सोडला कारण त्यातलं कॅफीन पाच-सहा तासांनी सुद्धा निम्मं अंगात असतं, आणि मला रात्री बाराला छताकडे बघत पडायची हौस नाही.

सात तास झोपूनही सकाळी जिना चढवत नसेल, केस गळत असतील, सतत गार वाटत असेल तर टाइमटेबलमध्ये दोष शोधत बसू नका, डॉक्टरला दाखवा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या, बायकांनी तर नक्कीच. बायकोचं हिमोग्लोबिन ९ च्या आसपास निघालं, लॅबमध्ये रोज दुसऱ्यांचं रक्त तपासणारी बाई. गोळ्या चालू झाल्या आणि डॉक्टरांनी जेवणाबरोबरचा चहा बंद केला, त्याने अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही, तासाभराचं अंतर ठेवायला सांगितलं.

परवा आईने परत मणी मोजले. सहा. मी म्हटलं सहा नसतील, मी चारच वेळा म्हणालो. म्हणाली, "बाकीचे दोन धाकट्याचे. तू गेटपाशी व्हॅनवाल्याशी 'भिया, दो मिनट' करत उभा होतास ना, तो तुला म्हणत होता, बाबा लवकर."